चुकीच्या उत्तराचे स्थान : ‘पीअर इन्स्ट्रक्शन’ ह्या ग्रंथाचे परीक्षण

विद्यापीठीय अध्यापनात यंत्रसाधनांचा उपयोग करून विद्यार्थ्यास क्रियाशील करावे, हा विचार आज इतका सर्वमान्य झाला आहे की त्याची परीक्षा करण्याचे कारणच कोणास भासत नाही. वर्गात पडदा आला, विद्यार्थ्याच्या हाती उत्तर नोंदविण्याचे यंत्र आले, पुढे त्याच्या खिशातील मोबाइल हेच ते यंत्र झाले, म्हणजे अध्ययन आपोआप क्रियाशील झाले, अशी एक समजूत रूढ होऊ पाहत आहे. ह्या समजुतीच्या समर्थनार्थ ज्या ग्रंथाचे नाव वारंवार घेतले जाते तो ग्रंथ म्हणजे हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांचा ‘पीअर इन्स्ट्रक्शन : अ यूझर्स मॅन्युअल’ (१९९७). नाव घेणाऱ्यांपैकी पुष्कळांनी तो वाचला नसावा असे मानण्यास जागा आहे. कारण ग्रंथात यंत्रास दिलेले स्थान अगदीच गौण आहे, आणि ज्या गोष्टीस त्यात प्रमुख स्थान दिले आहे तिची चर्चा आपल्याकडे क्वचितच होते. ती गोष्ट म्हणजे विद्यार्थ्याचे चुकीचे उत्तर. ग्रंथाचे खरे सामर्थ्य तेथे आहे आणि त्याच्या मर्यादाही तेथूनच सुरू होतात, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

ग्रंथाचा जन्म एका अपेक्षाभंगातून झाला. माझूर यांनी १९८४ पासून हार्वर्ड येथे भौतिकशास्त्राचा प्राथमिक अभ्यासक्रम शिकविला. त्यांचे विद्यार्थी प्रामुख्याने वैद्यक वा अभियांत्रिकीकडे जाणारे होते. विद्यार्थ्यांच्या अभिप्रायांत त्यांना उत्तम गुण मिळत, आणि अवघड उदाहरणेही विद्यार्थी सोडवीत. तेव्हा आपण चांगले शिकवितो असे त्यांना वाटल्यास नवल नाही. पुढे इब्राहिम हॅलून आणि डेव्हिड हेस्टेनिस यांचे १९८५ मधील निबंध त्यांच्या वाचनात आले. न्यूटनचे नियम शिकून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांच्या मनात गतीविषयीच्या शिकण्यापूर्वीच्या कल्पना जशाच्या तशा राहतात, असे त्या निबंधांत दाखविले होते. हार्वर्डच्या विद्यार्थ्यांना हे लागू पडणार नाही अशा खात्रीने माझूर यांनी तीच चाचणी आपल्या वर्गास दिली. त्या वेळी एका विद्यार्थिनीने त्यांना विचारले की, ही उत्तरे तुम्ही शिकविल्याप्रमाणे द्यावयाची की आम्हाला वाटते त्याप्रमाणे? संपूर्ण ग्रंथात ह्या प्रश्नाइतके मार्मिक असे दुसरे काही नाही. विद्येची दोन खाती त्या मुलीने मनात वेगळी ठेवली होती, आणि परीक्षेपुरते कोणते उघडावयाचे एवढेच तिला जाणून घ्यावयाचे होते.

चाचणीतील प्रश्न दिसण्यात अत्यंत साधे असतात. एक अवजड मालमोटार आणि एक लहान मोटारगाडी यांची टक्कर झाली, तर कोण कोणावर अधिक बल लावते? ‘क्रिया व प्रतिक्रिया समान व विरुद्ध असतात’ हे वाक्य तोंडपाठ असलेला विद्यार्थीही येथे मालमोटारीच्या बाजूने कौल देतो. विद्युन्मंडलाच्या बाबतीत माझूर यांनी आणखी एक प्रयोग केला. किरख़ॉफच्या नियमांनी समीकरणे मांडून सोडवावयाचे एक नेहमीचे उदाहरण आणि कळ दाबली असता कोणता दिवा अधिक उजळेल व कोणता मंदावेल असा एक आकडेमोडरहित प्रश्न त्यांनी एकाच परीक्षेत घातला. दुसरा प्रश्न कोणाही जाणकारास पहिल्याहून सोपा वाटेल. विद्यार्थ्यांना मात्र तोच अधिक जड गेला. समीकरण सोडविण्याचे कौशल्य आणि विद्युत्प्रवाह म्हणजे काय ह्याचे आकलन ह्या दोन वस्तू इतक्या अंतरावर असू शकतात, हे सिद्ध करण्यास याहून बोलका पुरावा क्वचितच सापडेल.

माझूर यांनी १९९१ पासून अवलंबिलेली पद्धती थोडक्यात अशी आहे. विद्यार्थ्याने नेमलेला भाग घरी वाचून यावयाचा. वर्गात शिक्षकाने एका मुद्द्यावर सातदहा मिनिटे बोलावयाचे व मग एक बहुपर्यायी प्रश्न पडद्यावर मांडावयाचा. ह्यास ग्रंथकर्ते ‘कन्सेप्टेस्ट’ म्हणतात. आपण संकल्पना-प्रश्न म्हणू. विद्यार्थ्याने एक मिनिट गप्प राहून विचार करावयाचा आणि आपले उत्तर नोंदवावयाचे. त्यानंतर शेजाऱ्यास आपले उत्तर पटवून देण्याचा प्रयत्न करावयाचा, आणि चर्चेअंती पुन्हा उत्तर नोंदवावयाचे. शेवटी शिक्षकाने उलगडा करावयाचा. पहिल्या फेरीत फारच थोड्यांचे उत्तर बरोबर आले तर चर्चेस आधारच राहत नाही, आणि बहुतेकांचे बरोबर आले तर चर्चेस विषय राहत नाही. म्हणून वर्ग दुभंगेल असा प्रश्न शोधणे हे ह्या पद्धतीतील शिक्षकाचे मुख्य काम होय. ग्रंथाचा बराच मोठा भाग पद्धतीच्या विवेचनाने नव्हे, तर अशा तयार प्रश्नांच्या संग्रहाने व्यापला आहे, ह्याचे कारण हेच. वाचनप्रेमी टीकाकारास हा भाग रुक्ष वाटेल. पण अध्यापकाने आपला वेळ तेथेच घालवावा.

उत्तर नोंदवावयाचे कसे, ह्याविषयी ग्रंथ अगदी निश्चिंत आहे. हात वर करावेत, यंत्राने वाचता येतील अशा पत्रिका भराव्यात, किंवा ‘क्लासटॉक’ नावाच्या संगणक-योजनेद्वारे हातातील लहान यंत्रावर उत्तर द्यावे; तिन्ही मार्ग त्यात सांगितले आहेत. ‘क्लिकर’ ह्या नावाने पुढे अमेरिकेतील विद्यापीठांत पसरलेली उपकरणे ह्या तिसऱ्या मार्गाची संतती आहे.

माझूर यांच्या पद्धतीचे वेगळेपण लक्षात यावयाचे असेल तर ह्याच हार्वर्ड विद्यापीठात तीनएक दशके आधी झालेल्या एका प्रयत्नाशी तिची तुलना करावयास हवी. ग्रंथात ही तुलना नाही, ही आमच्या मते एक उणीवच आहे. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी १९५८ मध्ये ‘सायन्स’ ह्या नियतकालिकात अध्यापन-यंत्रांविषयी निबंध लिहिला. त्यांची तक्रार आजच्या तक्रारीसारखीच होती. दृक्श्राव्य साधनांच्या प्रसारामुळे विद्यार्थी उत्तरोत्तर निव्वळ ग्रहण करणारा होत चालला आहे, तेव्हा त्यास प्रत्येक क्षणी काही करावयास लावील असे यंत्र हवे, असे ते म्हणत. त्यांच्या यंत्राच्या खिडकीत एक प्रश्न येई. विद्यार्थी कागदाच्या पट्टीवर उत्तर लिही. दांडा ओढला की त्याचे उत्तर पारदर्शक झाकणाखाली सरके आणि शेजारी योग्य उत्तर प्रकट होई. प्रत्येकजण आपापल्या यंत्रासमोर व आपापल्या गतीने पुढे जाई.

उद्दिष्ट एक असूनही ह्या दोन योजना एकमेकींच्या नेमक्या विरुद्ध टोकांस उभ्या आहेत. स्किनर यांना पाठ्यक्रमाच्या पायऱ्या इतक्या लहान हव्या होत्या की विद्यार्थी सहसा चुकणारच नाही. बरोबर उत्तराचे तत्काळ दर्शन हेच त्याचे बक्षीस. सिडनी प्रेसी यांनी १९२० च्या दशकात ओहायो येथे बनविलेल्या यंत्रावर त्यांचा एक आक्षेपच असा होता की, त्यातील बहुपर्यायी प्रश्नांमुळे संभाव्य वाटणारी चुकीची उत्तरे विद्यार्थ्यापुढे येतात. माझूर यांचे सारे बांधकाम नेमके ह्या त्याज्य वस्तूवर उभे आहे. चुकीचा पर्याय संभाव्य वाटला पाहिजे, किंबहुना वर्गातील निम्म्यांना तो खरा वाटला पाहिजे, तरच प्रश्न कामाचा. स्किनर यांनी शेजारी काढून टाकला. माझूर यांनी शेजाऱ्यास अध्यापकाच्या जागी बसविले. यंत्राचा दांडा ओढणारा विद्यार्थी क्रियाशील होताच. त्याचे हात चालत होते व डोळेही चालत होते. परंतु आपण चुकलो आहोत आणि का चुकलो हे दुसऱ्यास सांगण्याची वेळ त्याच्यावर कधीच येत नव्हती. आज संगणकाच्या पडद्यावर एकएकटे बसून पर्याय निवडण्याचे जे पाठ ‘क्रियाशील अध्ययन’ ह्या नावाखाली दिले जातात, त्यांतील पुष्कळांचे कुळ स्किनर यांच्याकडे जाते आणि नाव मात्र माझूर यांचे सांगितले जाते.

पद्धतीच्या परिणामांविषयीचा पुरावा दुर्लक्ष करण्याजोगा नाही. चाचणीचे मोजमाप असे करतात : अभ्यासक्रमापूर्वी विद्यार्थ्यांना जे येत नव्हते, त्यापैकी किती भाग शेवटी येऊ लागला? माझूर यांच्या वर्गात व्याख्यानपद्धतीने शिकविलेल्या १९९० च्या सालाच्या मानाने १९९१ मध्ये हा भाग सुमारे दुप्पट झाला. एका उत्साही प्राध्यापकाच्या वर्गावरून सिद्धान्त काढू नये हे खरे; परंतु रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये ६२ अभ्यासक्रमांतील ६,५४२ विद्यार्थ्यांचे निकाल एकत्र केले, तेव्हा व्याख्यानप्रधान १४ अभ्यासक्रमांत हे प्रमाण सरासरी ०.२३, आणि परस्परसंवादी पद्धतीच्या ४८ अभ्यासक्रमांत ०.४८ भरले. विज्ञान, अभियांत्रिकी व गणित ह्या विषयांतील २२५ अभ्यासांची छाननी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. तीनुसार व्याख्यानवर्गांत अनुत्तीर्णांचे प्रमाण सरासरी ३३.८ टक्के, तर क्रियाशील पद्धतीच्या वर्गांत २१.८ टक्के होते.

मग ह्यांत यंत्राचा वाटा किती? ह्या प्रश्नाचे सरळ उत्तर नॅथॅनिअल लॅसरी यांनी २००८ मध्ये दिले. कॅनडातील क्वेबेक प्रांतातील एका महाविद्यालयात त्यांनी एका वर्गास क्लिकर दिले आणि दुसऱ्यास उत्तराची अक्षरे लिहिलेली साधी कार्डे दिली. पद्धती तीच, प्रश्न तेच. शिकण्यात दोन्ही वर्गांत लक्षणीय फरक आढळला नाही. चर्चेचा वाटा किती, हे कोलोरॅडो विद्यापीठातील आनुवंशिकीच्या वर्गात मिशेल स्मिथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासले (२००९). चर्चेनंतर बरोबर उत्तर देणारे वाढतात ते केवळ हुशार शेजाऱ्याचे अनुकरण करतात म्हणून, अशी शंका कोणीही घेईल. म्हणून त्यांनी चर्चेनंतर त्याच तत्त्वाचा दुसरा प्रश्न एकएकट्यास सोडवावयास दिला. ज्या गटांत आरंभी कोणालाच उत्तर येत नव्हते त्यांतही सुधारणा दिसून आली. अज्ञानी माणसे परस्परांशी बोलून ज्ञानाच्या दिशेने सरकू शकतात, हे गुरुमुखाने विद्या घेण्याची सवय असलेल्या आपल्या मनास सहज पटणारे नाही. चुकीची दोन कारणे समोरासमोर आली म्हणजे त्यांतील विसंगती उघडी पडते, एवढेच स्पष्टीकरण आम्हांस सुचते. आणि ते पुरेसे असावे.

एवढ्यावरून यंत्र निरुपयोगी ठरते काय? आम्हांस तसे वाटत नाही. हात वर करण्याच्या पद्धतीतील दोष प्रत्येक अध्यापकास ठाऊक आहे. पहिल्या बाकावरील दोन हात वर होतात, त्यांच्याकडे पाहून मागचे हात वर होतात, आणि अर्धा वर्ग कोणत्याच पर्यायाला हात न लावता बसून राहतो. यंत्र दोन गोष्टी देते : सर्वांचे उत्तर एकाच वेळी मिळते आणि कोणाचे उत्तर कोणते हे शेजाऱ्यास कळत नाही. जेथे चुकण्याची लाज मोठी, तेथे ह्या गुप्ततेचे मोल मोठे. वर्गात वरिष्ठ-कनिष्ठ, शहरी-ग्रामीण, प्रमाणभाषा बोलणारे आणि न बोलणारे असे भेद असतील, तर आपले चुकीचे उत्तर निःशंकपणे नोंदविण्याची मुभा ही लहानसहान सोय नव्हे.

परंतु यंत्राचा एक गुण ह्याच मुळावर येतो. मोजणी झाली की तिचा स्तंभालेख पडद्यावर तत्काळ उमटविता येतो, आणि तो उमटविण्याचा मोह अध्यापकास आवरत नाही. जीवशास्त्राच्या वर्गांतील २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, चर्चेपूर्वी हा आलेख दाखविला तर विद्यार्थी बहुमताच्या उत्तराकडे अधिक झुकतात. म्हणजे ज्या चर्चेसाठी हा खटाटोप, ती सुरू होण्यापूर्वीच यंत्राने निकाल सांगून टाकला. गुप्ततेने विद्यार्थ्यास जे स्वातंत्र्य दिले होते ते आलेखाने काढून घेतले. पहिली मोजणी अध्यापकाने स्वतःपुरतीच पाहावी, हा नियम उपकरण विकणारे सांगत नाहीत.

याहून गंभीर विपर्यास हजेरीच्या बाबतीत झाला. उत्तर नोंदविणाऱ्या यंत्रास विद्यार्थ्याचे नाव ठाऊक असते. तेव्हा त्याच यंत्राने हजेरी घ्यावी आणि उत्तरांना गुणही द्यावेत, ही कल्पना अनेक विद्यापीठांना सुचली. अमेरिकेतील डार्टमथ येथे २०१४ मधील एका अभ्यासक्रमावरून ६४ विद्यार्थ्यांवर कारवाई झाली. गैरहजर मित्रांची यंत्रे घेऊन येऊन त्यांच्या वतीने उत्तरे दाबल्याचे हे प्रकरण होते. तो अभ्यासक्रम क्रीडा, नीती आणि धर्म ह्या विषयाचा होता, हा योगायोग नमूद करण्याचा मोह आवरत नाही. विद्यार्थ्यांच्या अप्रामाणिकपणाचे समर्थन करावयाचे नाही. पण चुकीच्या उत्तराला गुणांची किंमत लावली, त्या क्षणीच पद्धतीचा प्राण गेला हेही सांगितले पाहिजे. गुण जाण्याची भीती असलेला विद्यार्थी आपले मत नोंदवीत नाही, शेजाऱ्याचे नोंदवितो.

आता ग्रंथाच्या उणिवांकडे वळू. पहिली उणीव विद्यार्थ्याच्या मनोवृत्तीसंबंधीची आहे. नव्या पद्धतीस विद्यार्थी आरंभी विरोध करतात हे ग्रंथकर्ते मान्य करतात, पण तो विरोध सवयीचा आहे व यथावकाश मावळतो असा त्यांचा सूर आहे. पुढे हार्वर्ड येथेच झालेल्या व २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने हे दुखणे अधिक खोल असल्याचे दाखविले. क्रियाशील पद्धतीच्या वर्गात विद्यार्थी अधिक शिकले, परंतु आपण कमी शिकलो असे त्यांना वाटले. ओघवत्या व्याख्यानात ते कमी शिकले आणि अधिक शिकल्याचे समाधान घेऊन उठले. चुकणे व अडखळणे हा शिकण्याचा भाग असला तरी तो अनुभव सुखद नसतो. विद्यार्थ्यांच्या अभिप्रायावर अध्यापकाची बढती अवलंबून असेल, तर ही विसंगती केवळ तात्त्विक राहत नाही.

दुसरी उणीव परीक्षेसंबंधी आहे, आणि ती आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाची. वर्गात संकल्पना-प्रश्न आणि परीक्षेत मात्र जुनी उदाहरणे असे झाल्यास विद्यार्थी पद्धतीस गांभीर्याने घेणार नाही, तेव्हा परीक्षेतही संकल्पना-प्रश्न घाला, असे ग्रंथ बजावतो. सल्ला निःसंशय योग्य आहे. पण तो देताना एक गोष्ट गृहीत धरली आहे : जो शिकवितो तोच परीक्षा घेतो. महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत सत्रान्त परीक्षेची प्रश्नपत्रिका बहुधा विद्यापीठ काढते; वर्गात शिकविणाऱ्याच्या हाती अंतर्गत मूल्यमापनापुरतेच गुण असतात. अशा अध्यापकाने वर्षभर वर्ग दुभंगविणारे प्रश्न विचारले आणि शेवटी प्रश्नपत्रिकेत ‘टीपा लिहा’ आले, तर विद्यार्थ्यांनी त्याला दोष दिल्यास तो अन्याय म्हणता येणार नाही. ह्या अडचणीवर कोणत्याही उपकरणाचा उपाय नाही. आपल्याकडे १९८४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने दूरदर्शनवर ‘देशव्यापी वर्ग’ सुरू केला, तेव्हापासून यंत्रसाधनांवर पुष्कळ शक्ती खर्च झाली. तिच्यातील बरीचशी उत्तम व्याख्यान अधिक दूरवर पोचविण्याकडे गेली. परीक्षेच्या प्रश्नाचे स्वरूप मात्र तेवढ्या प्रमाणात पालटले नाही.

तिसरा प्रश्न ग्रंथाच्या कक्षेबाहेरचा आहे, तरी तो विचारणे प्राप्त आहे. जेथे एकच बरोबर उत्तर नाही अशा विषयांत ह्या पद्धतीचे काय? विज्ञान-तंत्रविद्येच्या वर्गांत ती आपल्याकडेही रुजू शकते ह्यात शंका नाही. मुंबईच्या आय.आय.टी.मध्ये ४०० हून अधिक विद्यार्थ्यांच्या संगणक-आज्ञालेखनाच्या प्राथमिक वर्गात ‘विचार करा, जोडीने बोला, सर्वांना सांगा’ ह्या सजातीय पद्धतीचा अभ्यास झाला, आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सरासरी ८३ टक्के विद्यार्थी त्या कार्यात गुंतलेले आढळले. त्यात विशेष यंत्राचीही गरज नव्हती. पण भाषा-साहित्याच्या अध्यापकाने काय करावे? कवितेच्या अर्थावर मतदान घेणे हास्यास्पद होईल, हा आक्षेप आम्ही अनेकदा ऐकला आहे, आणि कवितेपुरता तो खराही आहे.

तथापि आपल्या विषयात असेही प्रदेश आहेत की जेथे उत्तर एक नसले तरी कारणाशिवाय कोणतेच उत्तर टिकत नाही. व्याकरणातील एक साधा प्रश्न घ्या. ‘मला आंबा आवडतो’ ह्या वाक्यात कर्ता कोणता? ‘मला’, ‘आंबा’, की येथे कर्ताच नाही? कर्त्याची व्याख्या सर्वांना पाठ असते, जशी न्यूटनच्या तिसऱ्या नियमाची असते. आणि वर्ग तसाच दुभंगतो. क्रिया करणारा तो कर्ता असे म्हणणारा ‘मला’कडे जातो, कारण आवडण्याचा अनुभव आंब्यास नाही. क्रियापद ज्याच्या लिंगवचनाप्रमाणे बदलते तिकडे पाहणारा ‘मला पेरू आवडतात’, ‘मला चिंच आवडते’ अशी उदाहरणे देऊन ‘आंबा’कडे जातो, शालेय व्याकरणाचा कौलही त्याच्याच बाजूने आहे. प्रस्तुत लेखकाने हा प्रश्न रंगीत कागदाचे तुकडे वाटून वर्गात विचारला आहे. पहिल्या फेरीनंतर मोजणी जाहीर न करता विद्यार्थ्यांना बोलू द्यावे, आणि मग त्यांच्यापुढे दुसरे वाक्य ठेवावे : ‘त्याला आपले घर आवडते’. येथील ‘आपले’ कोणाकडे बोट दाखविते? ‘त्याने आपले घर विकले’ ह्या वाक्यात ते कर्त्याकडे दाखविते. मग ‘त्याला’ ह्या पदास कर्त्याचा निदान एक गुण आहे असे म्हणावे लागते. दुसऱ्या मोजणीत ‘मला’ पक्षाची मते वाढतात. ‘आंबा’ म्हणणाऱ्यांपैकी काहीजण मात्र आपला रंग बदलत नाहीत, आणि विचारले असता त्यांच्याजवळ क्रियापदाचे कारण तयार असते. कर्ता ही एकच वस्तू आहे की अनेक लक्षणांचा समुच्चय आहे, हा प्रश्न त्यानंतर फळ्यावर लिहिता येतो. तो व्याख्यानाच्या आरंभी लिहिला असता तर कोणी वहीत उतरवून घेण्यापलीकडे त्याचे काही केले नसते.